स्विफ्टचा मागचा सायलेंसर बदलला, त्याची पूर्ण केस (एरंडोल-धुळे रोड)

गाडी २०१५ ची मारुती स्विफ्ट, पेट्रोल, १.२ लिटरचं चार सिलेंडर के-सिरीज इंजिन. मालक माझा भाचा, राहतो एरंडोलला, ठिबकच्या मालाचं मार्केटिंग करतो, त्यामुळे गाडी सतत रोडवर, एकीकडे जळगाव, दुसरीकडे पारोळा-धुळे, मधेच केळी पट्ट्यात चोपडा-यावल-रावेर. शिवाय दाजींना म्हणजे त्याच्या वडिलांना धुळ्याला दवाखान्यात न्यावं लागतं आणि ते मागच्या सीटवर बसतात. हे सगळं आधी सांगतोय कारण सायलेंसर निवडताना गाडी कुठे, किती स्पीडने आणि कोणाला घेऊन चालते हे पहिलं बघायला पाहिजे आणि नेमकं तेच कोणी विचारत नाही, दुकानात गेलं की पहिला प्रश्न असतो की आवाज किती पाहिजे.

झालं असं की पावसाळा संपता संपता मागच्या सायलेंसरला खालून भोक पडलं आणि गाडी फाटक्या आवाजात बोलायला लागली. कंपनीचा नवीन टाकला असता तर विषय तिथेच संपला असता, पण भाचा म्हणाला, "मामा, बदलायचाच आहे तर जरा भारी आवाजाचा टाकू ना." त्याचं म्हणणं मला पटलं कारण गाडीची आवड असणाऱ्याला आवाजाची आवड असतेच, त्यात वावगं काही नाही, फक्त आवाज म्हणजे काय पाहिजे हे ठरवायला बसलं पाहिजे.

सगळ्यात आधी आम्ही जुना सायलेंसर ग्राइंडरने उभा कापला. ज्याला कोणाला सायलेंसर घ्यायचाय त्याने एकदा तरी जुना कापून बघावा, दहा व्हिडिओ बघून कळणार नाही ते पाच मिनिटांत कळतं. पत्रा उघडल्यावर आधी गंजाच्या खपल्या ओंजळभर खाली पडल्या, मग दिसलं की आत दोन आडव्या पत्र्यांनी तीन कप्पे पाडलेले आहेत, त्यातून बारीक बारीक छिद्रांच्या नळ्या इकडून तिकडे जातात, सरळ बाहेर एकही जात नाही, धूर एका कप्प्यात येतो, उलटा फिरतो, दुसऱ्यात जातो आणि मग बाहेर पडतो. एका कप्प्यात ग्लासवूल (काचेच्या धाग्यांचा कापूस) होतं ते काळं पडून गोळा झालेलं. आणि तळाला जे पाणी निचरायचं छोटंसं भोक असतं ते आपल्या काळ्या मातीच्या चिखलाने पार बुजलेलं, सिमेंटसारखं कडक. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, ते वाफ होऊन बाहेर जातं पण गाडी थंड असताना सायलेंसरमध्ये त्याचं पाणी होतं आणि भोक बुजलं की ते तिथेच राहून पत्रा आतून खातं. भाचा पावसाळाभर शेतरस्त्यांनी फिरतो, तिथला चिखल कसा चिकटतो ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. म्हणजे सायलेंसर खराब का झाला ते कळलं, नवीन कोणताही टाकला तरी ते भोक मोकळं ठेवणं भाग आहे.

ते कप्पे आणि ते वूल हेच सगळं शास्त्र आहे. कप्पे जाड म्हणजे लो आवाज मारतात, लाट भिंतीवर आपटून उलटी येते आणि पुढून येणाऱ्या लाटेला खाते. वूल बारीक, कर्कश आवाज मारतं, कारण तो त्याच्या धाग्यांमध्ये शिरून तिथेच जिरतो. कंपनीच्या डब्यात दोन्ही असतं म्हणून आवाज जवळपास सगळाच जातो. बाजारात जे मिळतं ते यातलं काहीतरी काढून टाकतं. कप्पे काढून नुसती छिद्रांची सरळ नळी आणि भोवती वूल ठेवलं की तो स्ट्रेट-थ्रू, मॅग्नाफ्लो कंपनीची ओळख यासाठीच. वूल काढून नुसते कप्पे ठेवले की तो चेंबरवाला, फ्लोमास्टर कंपनीचं नाव त्यासाठी. तिसरा प्रकार ज्याला टर्बो मफलर म्हणतात त्यात नळी इंग्रजी एस सारखी फिरवलेली असते, तो लावायला गाडीला टर्बोचार्जर असावा लागत नाही. आता तुम्ही काय काढताय त्यावर काय ऐकू येणार ते ठरतं, बाकी पेटीवर काय छापलंय ते सोडून द्या.

पहिला प्रयोग भाच्याने परस्पर केला. एका दुकानात (नाव घेत नाही, तसं काम बऱ्याच ठिकाणी करतात) त्याला अडीच इंची पाईप, मागे आखूड स्ट्रेट-थ्रू ड्रम लावला, आणि वर मधला रेझोनेटर, ज्याला आपण मधला डबा म्हणतो, तो पण काढून टाकला, का तर आवाज मोकळा होतो. दुकानात उभ्या गाडीत रेस दिली तेव्हा सगळे खूश, व्हिडिओ पण काढला. मग गाडी फागणे-तरसोदच्या चौपदरीवर लागली, पाचवा गिअर, ऐंशीचा स्पीड, टॅकोमीटर (इंजिनचे मिनिटाचे फेरे, म्हणजे आरपीएम दाखवणारा काटा) अडीच हजारांवर, आणि गाडीच्या आत असा घूऽऽ आवाज सुरू झाला की गाणं ऐकू येईना, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडायचं. पारोळ्यापर्यंत दाजी गप्प होते, मग म्हणाले, "ह्या गाडीमा मनं डोकं दुखस रे पोऱ्या." परत येताना ते एसटीने आले.

हा घूऽऽ म्हणजे ड्रोन. याच्यावर थोडं सविस्तर लिहितो कारण पैसे वाया जातात ते इथेच.

चार सिलेंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा फायर होतं. २५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४१-४२ फेरे, म्हणजे सेकंदाला ८३ धक्के, म्हणजे ८३ हर्ट्झचा सूर. आता स्विफ्टच्या आतली जागा बघा, पुढच्या काचेखालच्या भिंतीपासून मागच्या दरवाज्यापर्यंत दोन मीटरच्या आसपास. बंद डब्यात लाट अर्धी बसली की ती घुमते, आणि दोन मीटरच्या डब्याला ती लाट येते ८५ हर्ट्झच्या जवळपास (हवेत आवाजाचा वेग ३४३ मीटर सेकंदाला, भागिले दोनदा दोन मीटर). म्हणजे इंजिनचा सूर आणि डब्याचा सूर नेमका ऐंशीच्या स्पीडला जुळला, रिकाम्या कोठीत तोंड घालून बोललं की आवाज जसा घुमतो तसंच. आणि आपल्या या रोडवर माणूस तासन्‌तास कुठल्या स्पीडने चालतो? ऐंशीनेच. दुकानात उभ्या गाडीत रेस देताना तुम्ही २५०० वर थांबत नाही, सर्रकन वर जाता, शिवाय कान गाडीच्या बाहेर असतात. त्यामुळे तिथे ड्रोन कळूच शकत नाही.

अजून एक. भाच्याने मोबाईलवर डेसिबलचं ॲप लावून दाखवलं की बघा मामा, आकडा काही फार वाढलेला नाही. ॲप खोटं बोलत नव्हतं पण ते जे मोजतं ते ए-वेटेड डेसिबल, त्यात ८० हर्ट्झच्या आवाजातून साडेबावीस डेसिबल वजाच धरलेले असतात. कान आणि डोकं मात्र तो दाब पूर्ण झेलतात. म्हणून ड्रोन बघायचा तर फ्रिक्वेन्सीचा ग्राफ दाखवणारं ॲप लावायचं. ते लावलं तर ८० ते ९० च्या मधे एकच उंच सुळका, बाकी सगळं त्याच्या खाली. तसंच यूट्यूब, रील्सवरचे आवाज ऐकून सायलेंसर घेणाऱ्यांनी पण लक्षात ठेवा, मोबाईलच्या माईकला खालचा आवाज नीट पकडताच येत नाही आणि मोठा आवाज आला की तो आपोआप लेव्हल खाली करतो, म्हणजे व्हिडिओत सगळ्यात भारी वाटणारा सायलेंसर गाडीच्या आत कसा वागेल याचा त्यातून काही पत्ता लागत नाही.

ड्रोनशिवाय दुसरी तक्रार होती वरच्या आरपीएमला चिरका आवाज, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. तो मधला डबा काढल्याने आला. मधल्या डब्याचं कामच ते आहे, आवाज कमी करणं हे त्याचं छोटं काम, चिरकेपणा काढणं हे मोठं. चार सिलेंडरच्या छोट्या इंजिनाला तर तो काढूच नये असं माझं ठाम मत आहे. कित्येकांना वाटतं की मोठा पाईप आणि रिकामा डबा लावला की व्ही-८ (आठ सिलेंडरच्या) इंजिनासारखा गडगडाट येईल. तो येत नाही, कारण अमेरिकन व्ही-८ चा तो डुगडुग आवाज त्याच्या क्रँकमुळे आणि प्रत्येक बाजूला फायरिंग एकसारख्या अंतराने न होण्यामुळे येतो, आपलं इंजिन एकसारखं फायर होतं, सायलेंसर त्यात नवीन काही घालू शकत नाही, जे आहे त्यातलं थोडं ठेवू शकतो, थोडं काढू शकतो.

पाईपच्या साईजचं पण तेच. मूळ पाईप चाळीसेक मिमीचा, त्याच्या जागी ६३ मिमी लावला म्हणजे आतली जागा अडीचपट झाली, म्हणजे धुराचा वेग तेवढ्याच पटीने पडला. "बॅक प्रेशर पाहिजे भाऊ, नाहीतर पिकअप जातो" असं मिस्त्री लोक म्हणतात. इंजिनला अडथळा नको असतो, धूर पटकन निघून जाणं पाहिजे असतं आणि पाईप फार मोठा झाला की तो आळसावतो. सायलेंसर इंजिनपासून इतका मागे आहे की पिकअपवर फरक थोडाच पडतो, पण आवाज मात्र पोकळ आणि बोदा होतो. आणि ताकद वाढेल ही आशा आधीच सोडून द्या, ८५ पीएसच्या आत-बाहेरच्या या इंजिनाला मागचा डबा बदलून जे काही मिळेल ते सीटवर बसून जाणवणार नाही. हा खर्च आवाजासाठीच आहे असं समजून करायचा.

मग आम्ही नीट बसलो. भाच्याला मी सरळ सांगितलं, सगळ्यात निर्धास्त पर्याय कंपनीचाच सायलेंसर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्यापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये यावर कडक भूमिका घेतली. केंद्रीय मोटार वाहन नियम १२० सायलेंसर बंधनकारक करतो, कारसाठी कारखान्यातून निघताना आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे, आणि आवाज-प्रदूषणाचे निकष मोडले तर कलम १९०(२) खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्ससाठी अपात्र. महाराष्ट्रात ठिकठिकाणी बुलेटचे सायलेंसर रोडरोलरखाली घातलेले आपण बघतोच आणि ते बरोबर आहे. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या शंभर मीटरात शांतता क्षेत्र जाहीर करतात, आणि भाचा दर खेपेला वडिलांना घेऊन दवाखान्याच्याच दारात गाडी लावतो. तिथे झोपलेल्या पेशंटला आपल्या आवडीचा त्रास कशाला. आणि आवाज १० डेसिबल वाढला की कानाला तो साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे थोडंसं वाढवलं म्हणता म्हणता केव्हा जास्त होतं ते कळत नाही.

तर ठरलं असं की बाहेर आवाज कंपनीच्या जवळपासच ठेवायचा, फक्त त्याचा पोत बदलायचा, खालचा जाडपणा थोडा ऐकू यावा, चिरकेपणा अजिबात नको, आणि आत ऐंशीला ड्रोन नको. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धूर साफ करणाऱ्या डब्याला) हात लावायचा नाही, तो गेला की धूर जास्त विषारी होतो, पीयूसीत पण सापडतो आणि ऑक्सिजन सेन्सर इंजिनचा दिवा लावून ठेवतो. मधला डबा परत मूळ जागी. आणि मागचं सगळं फ्लँजवर, नट-बोल्टने, म्हणजे उद्या कोणी हरकत घेतली किंवा गाडी विकायची झाली तर कंपनीचा सायलेंसर अर्ध्या तासात परत बसतो. विमावाल्यांना पण कळवायला सांगितलं, नंतर क्लेमच्या वेळी वाद नको.

चेंबरवाला आम्ही विचारात घेतला आणि सोडला. तो खालचा आवाज मारतो म्हणजे ड्रोनला तोच बरा असं वाटेल, पण त्याचे कप्पे एका ठराविक पट्ट्यालाच मारतात आणि बाहेरून जे मिळतात ते बहुतेक मोठ्या इंजिनांच्या हिशोबाने केलेले, १.२ च्या ८३ हर्ट्झला ते बसतील याची खात्री नाही, वर चिरका आवाज मोकळाच राहतो. म्हणून स्ट्रेट-थ्रूच घेतला पण लांब. स्ट्रेट-थ्रूत लांबी हेच सगळं आहे, पहिल्या दुकानातला आखूड ड्रम म्हणजे वूल नावापुरतं. आम्ही ४५ सेंटीमीटर लांबीचा, आत ५१ मिमीची छिद्रांची नळी, नळीला लागून स्टील वूलचा थर आणि त्याच्या बाहेर लांब धाग्याचं ग्लासवूल असा घेतला. नळीला लागून स्टील वूल नसलं की धूर ग्लासवूलचे तुकडे थोडे थोडे करून बाहेर उडवतो आणि काही महिन्यांत सायलेंसर रिकामा डबा होतो, आवाज वाढत जातो आणि माणसाला वाटतं सायलेंसर "खुलला". दुकानदाराला हे विचारा, त्याला सांगता आलं नाही तर दुसरीकडे बघा.

स्टीलचा विषय पण सोडू नका. सगळेच "३०४ आहे साहेब" म्हणतात, ३०४ म्हणजे स्टेनलेस स्टीलची चांगली जात. चुंबक लावून बघायची पद्धत अर्धवट आहे, ३०४ ला चुंबक लागत नाही हे खरं, पण स्वस्तातल्या २०२ ला पण लागत नाही, आणि गंजायला २०२ पुढे असतं. उलट कंपनीवाले बऱ्याच वेळा ४०९ वापरतात त्याला चुंबक लागतो आणि तरी ते सायलेंसरसाठी चांगलं असतं. भंगारवाल्यांकडे थेंब टाकून २०२ आणि ३०४ ओळखायचं केमिकल असतं, आम्ही तेच लावून घेतलं. पाईपचे बेंड आम्ही डेअरीच्या पाईपलाईनला लागतात ते ३०४ चे तयार ५१ मिमीचे आणले, कारण साध्या बेंडरवर वाकवला की पाईप वळणात चपटा होतो आणि वाळू भरून वाकवणारा कारागीर आता सहज सापडत नाही. ही युक्ती ज्यांना करून घ्यायचीय त्यांनी जरूर करा, दुधाच्या धंद्याला लागणारे बेंड आतून गुळगुळीत आणि गोल असतात.

काम धुळ्याला करून घेतलं, जुना फॅब्रिकेटर, आर्गन वेल्डिंगचा हात चांगला. त्याने आधी पाईपच्या आत आर्गन वायू सोडून दोन्ही तोंडं बंद केली, मग बाहेरून वेल्ड मारलं. आतून आर्गन नसला की वेल्डच्या मागच्या बाजूला साखरेसारखा काळा खरबरीत थर होतो, तिथूनच पुढे तडा जातो. स्टेनलेस गरम झालं की साध्या लोखंडापेक्षा जास्त वाढतं, त्यामुळे त्याने हँगरचं, म्हणजे सायलेंसर टांगायचं रबर थोडं मोकळं ठेवलं आणि कडक पॉलियुरेथेनचं रबर आणलं होतं ते मीच परत पाठवलं, कडक रबर थरथराट सरळ बॉडीत देतं. शेपटी म्हणजे शेवटचा पाईप बंपरच्या बाहेर नीट निघालेला ठेवला, आत राहिला तर मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात आधीच तापलेला बंपर वितळतो, आणि हॅचबॅकच्या मागे चालत्या गाडीत हवा उलटी ओढली जाते, मागच्या दरवाज्याचं रबर फाटकं असेल तर धूर आत येतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. मागच्या सीटवर म्हातारं माणूस बसणार असेल तर ते रबर आधी बदला, सायलेंसर नंतर.

एवढं करून गाडी रोडवर घेतली तर चिरकेपणा पूर्ण गेला, बाहेर उभं राहिलं तर आवाज मूळ गाडीपेक्षा किंचित जाड, छान भरदार, फालतू मोठा नाही. पण आत ऐंशीला ड्रोन शिल्लक होताच, आधीच्यापेक्षा बराच कमी, तरी होता. फॅब्रिकेटर काका मागे बसून ऐकत होते, म्हणाले, "आवाज बाहेर पाहिजे भो, मझार नही." (मझार म्हणजे आत.)

स्ट्रेट-थ्रूला ८३ हर्ट्झ मारता येत नाही हे मला माहीत होतं, म्हणून जागा आधीच धरून ठेवली होती. यावर उपाय म्हणजे जे-पाईप, म्हणजे मुख्य पाईपला टी काढून एक बाजूला बंद तोंडाची नळी जोडायची. लाट त्यात शिरते, बंद तोंडावर आपटून परत येते, आणि नळीची लांबी लाटेच्या पाव असेल तर ती परत येते तेव्हा बरोबर उलटी असते आणि मुख्य लाटेला खाते. लांबी काढायची तर आवाजाचा वेग भागिले चार गुणिले फ्रिक्वेन्सी. इथे लोक ३४३ चा वेग धरतात आणि चुकतात, कारण नळीतली हवा गरम असते. बंद नळी मुख्य पाईपपेक्षा थंड राहते तरी शंभर-दीडशे अंशात तर असतेच, तिथे वेग ४०० च्या जवळपास. ४०० भागिले ३४० (चार गुणिले ८५ हर्ट्झ) म्हणजे एक मीटर सतरा-अठरा सेंटीमीटर. आम्ही सव्वा मीटर ठेवली आणि टोकाला सरकणारी टोपी लावून क्लॅम्पने आवळली, म्हणजे थोडं थोडं आत सरकवून बघता येतं. लांब नळी म्हणजे खालचा सूर, आखूड केली की वरचा. नवीन सायलेंसर जुन्या डब्यापेक्षा बारीक असल्याने स्टेपनीच्या खड्ड्याच्या बाजूने नळी वळवून बसवायला जागा मिळाली.

मग धुळे बायपासवर गाडी पाचव्या गिअरमध्ये ऐंशीला स्थिर, भाचा चालवतोय, मी मागे दाजींच्या जागी मोबाईलवर ग्राफ लावून बसलो, आणि दर वेळी गाडी थांबवून टोपी सरकवत सरकवत एका जागी तो उंच सुळका खाली बसला. कान गच्च होणं थांबलं, टायरचा आवाज ऐकू यायला लागला, मागच्या सीटवरून पुढच्याशी साध्या आवाजात बोलता यायला लागलं. तिथे टोपी पक्की वेल्ड केली. नंतर चाळीसगावच्या पुढे कन्नडच्या घाटात गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढताना जो भरदार सूर निघतो तो ऐकून भाच्याचा चेहरा बघण्यासारखा होता, मलाही मनापासून आनंद झाला, कारण हाच आवाज त्याला पाहिजे होता आणि तो चढावरच निघतो, गावातून जाताना गाडी सभ्य राहते.

याच मापाची नळी उचलून दुसऱ्या गाडीला लावू नका. २०२४ ची नवी स्विफ्ट तीन सिलेंडरची आहे, ती एका फेऱ्यात दीडदाच फायर होते, २५०० ला तिचा सूर ६२-६३ हर्ट्झ, तिला ड्रोन दुसऱ्याच स्पीडला लागेल आणि नळी पण वेगळी लागेल. आपल्या गाडीचा ड्रोन नेमका किती आरपीएमला आहे ते आधी लिहून घ्या, चार सिलेंडर असेल तर त्याला ३० ने भागा, तीन असेल तर ४० ने, तो आकडा हर्ट्झमध्ये आला, मग पुढचा हिशोब. सेडानमध्ये डिकी वेगळी असते त्यामुळे आतली लांबी बदलते, तिथे माझा दोन मीटरचा हिशोब लागू नाही, ग्राफच बघावा लागेल.

खर्चाचं म्हणाल तर आधीच्या दुकानातलं काम धरून एकूण कंपनीच्या सायलेंसरपेक्षा जास्तच गेले. त्यातला मोठा भाग वेल्डिंगच्या मजुरीचा आणि ती मजुरी वाचवू नका, लीक असलेल्या जोडातून टिकटिक येते आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटफट आवाज येतो, लोक त्यालाच स्पोर्टी समजतात, खरं म्हणजे हवा आत ओढली जाऊन उरलेलं पेट्रोल पाईपात पेटतं.

आता देखभाल. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर फ्लँजचे नट परत आवळले, गरम-थंड होऊन ते सैल पडतातच. वूल बसेपर्यंत आवाज थोडा वाढतो, तो वाढला आणि तिथे थांबला. जे-पाईपचं बंद तोंड खालच्या बाजूला आलंय, त्यामुळे त्यात पाणी साचणार हे उघड होतं, पाणी साचलं की नळी आखूड झाल्यासारखी होते आणि ड्रोन परत येतो. म्हणून टोपीच्या सगळ्यात खालच्या बिंदूला तीन मिमीचं भोक पाडलंय, सायलेंसरला पण तसंच, आणि भाच्याला सांगून ठेवलंय की पावसात शेतरस्त्याने फिरून आला की गाडी धुताना तारेचा तुकडा घेऊन दोन्ही भोकं मोकळी करायची.